खानदेशच्या भिल्ल पलटणीचा सेनानी : जेम्स औट्रम

रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा ही सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेली गावे आज केळीच्या बागांसाठी ओळखली जातात. दोनशे वर्षांपूर्वी या पट्ट्याची ओळख निराळी होती. दिवेलागणीपूर्वी गावकुसाच्या वेशी बंद होत. बऱ्हाणपूरकडे जाणारे व्यापारी राखणदार सोबत घेतल्याखेरीज निघत नसत आणि डोंगराकडची कित्येक शेते पडीक राहत. अशा काळात, १८२५ साली, बावीस वर्षांचा एक इंग्रज लेफ्टनंट खानदेशात दाखल झाला. ज्यांच्या बंदोबस्तासाठी कंपनी सरकारने सात वर्षे फौजा खर्ची घातल्या, त्याच भिल्लांची पलटण उभारण्याचे काम त्याच्यावर सोपविण्यात आले होते. हा लेफ्टनंट म्हणजे पुढे लखनौच्या रणांगणावर गाजलेला जनरल सर जेम्स औट्रम. ब्रिटिश इतिहासात त्याचे नाव सिंध, इराण आणि अयोध्येशी जोडले गेले असले, तरी त्याच्या कर्तृत्वाची पायाभरणी धरणगावात आणि सातपुड्याच्या रानात झाली. त्याच्या यशाचे आणि त्या यशातील विसंगतीचेही मूळ येथेच सापडते.

पोरका मुलगा, मुंबईचा कॅडेट

जेम्स औट्रमचा जन्म २९ जानेवारी १८०३ रोजी इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात बटर्ली येथे झाला. वडील बेंजामिन औट्रम हे कालवे व लोहमार्ग बांधणारे नावाजलेले अभियंते होते. १८०५ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले आणि भरभराटीत असलेले कुटुंब एकाएकी आर्थिक विवंचनेत सापडले. आई मार्गारेट ही मोठ्या करारी स्वभावाची बाई होती. तिने मुलांना घेऊन स्कॉटलंडमधील ॲबर्डीन गाठले आणि काटकसरीत त्यांचे शिक्षण केले. जेम्सचे मन पुस्तकांपेक्षा मैदानात व बंदरावरील खलाशांत अधिक रमे. १८१९ साली त्याला ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात कॅडेट म्हणून जागा मिळाली आणि वयाच्या सतराव्या वर्षी तो हिंदुस्थानात आला.

मुंबई बंदरात उतरलेला हा तरुण अंगापिंडाने इतका लहान होता की, सैन्यात त्याचा निभाव लागेल की नाही अशी शंका वरिष्ठांना वाटली. घोडदौड, शिकार आणि कवायत या तिन्हींत त्याने ती अल्पावधीत दूर केली. देशी पायदळाच्या २३ व्या पलटणीत ॲडज्युटंट म्हणून काम करताना देशी शिपायांच्या भाषेशी व रीतिरिवाजांशी त्याची चांगली ओळख झाली. ही ओळख पुढे खानदेशात त्याच्या उपयोगी पडली.

उद्ध्वस्त खानदेश

पेशवाईच्या अखेरच्या पंधरा-वीस वर्षांत खानदेशावर एकामागून एक आपत्ती कोसळल्या होत्या. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी प्रांत लुटला. त्यापाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ पडला. नंतर पेंढाऱ्यांचे हल्ले आणि अरब शिबंदीचा जुलूम सुरू झाला. गावची राखण करणारे आणि घाटातील वाटांचे रक्षण करून ठरलेले हक्क घेणारे भिल्ल या अंदाधुंदीत आपल्या वृत्तीला मुकले. पोटासाठी त्यांना डोंगराचा आणि लुटीचा आश्रय घ्यावा लागला. त्यांच्या बंदोबस्ताच्या नावाखाली जे झाले, ते त्याहून भयंकर होते. १८०४ मध्ये सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने भिल्लांना कोपरगाव येथे बोलावून घेतले आणि दग्याने पकडून विहिरींत लोटले. अशाच कत्तली चाळीसगाव, अंतूर आणि धरणगाव येथेही झाल्या. सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवणे म्हणजे मरण, ही खूणगाठ भिल्लांनी मनाशी बांधली, ती या अनुभवातून.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, त्याचीही सुरुवात रक्तपातानेच झाली. त्या वर्षी फेब्रुवारीत थाळनेरच्या किल्ल्यात झालेली शिबंदीची कत्तल आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांना दिलेली फाशी या घटनांनी नव्या राजवटीची दहशत बसली, पण शांतता प्रस्थापित झाली नाही. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे येथे ठाणे मांडून भिल्ल नाइकांना पेन्शने देऊ केली आणि जे शरण येईनात त्यांच्या डोंगरांची नाकेबंदी केली. पळालेल्यांचा पाठलाग करणाऱ्या पलटणींना शत्रूपेक्षा सातपुड्यातील हिवतापाने अधिक घेरले. एका नाइकाला पकडावे तोवर दुसरा उठे. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याला या मार्गाची निरर्थकता उमगली. १८२५ मध्ये त्याने खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन केल्या. वायव्येची एजन्सी नंदुरबार-सुलतानपूरकडील भागासाठी, दक्षिणेची सातमाळा व कन्नडकडील भागासाठी, तर ईशान्येची सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यासाठी होती. भिल्लांना जमिनी व तगाई देऊन शेतीवर बसवायचे आणि त्यांच्यातील धाडसी तरुणांची पलटण उभारायची, अशी ही दुहेरी योजना होती. ईशान्य एजन्सी व पलटण औट्रमकडे आली.

मुल्हेरची चढाई आणि पाच शिपाई

ही निवड होण्यास एक ताजी घटना कारणीभूत झाली होती. बागलाणात सेवाराम नावाच्या एका सोनाराने सातारच्या महाराजांच्या नावाची बनावट कागदपत्रे तयार करून शेकडो भिल्ल जमविले आणि मुल्हेरच्या डोंगरी किल्ल्याचा आश्रय घेतला. मालेगावहून निघालेल्या औट्रमजवळ जेमतेम दोनशे शिपाई होते. मोठी फौज येण्याची वाट न पाहता त्याने रात्रीच चढाई केली. बहुतेक शिपाई समोरून हल्ल्याचा देखावा करीत राहिले आणि निवडक माणसे घेऊन तो मागील बाजूने वर चढला. पहाटे किल्ल्यावर एकच गोंधळ उडाला आणि बंडाचा मोड झाला.

एप्रिल १८२५ मध्ये त्याची भिल्ल एजंट म्हणून नेमणूक झाली. पलटणीची कल्पना अनेक अधिकाऱ्यांना अशक्यप्राय वाटत होती. प्रारंभी औट्रमनेही बळाचाच मार्ग अनुसरला. भिल्लांच्या ठाण्यांवर छापे घालून त्याने काही माणसे पकडली. मात्र या कैद्यांना त्याने शिक्षा केली नाही. त्यांतील काहींना मोकळे सोडून त्यांच्यामार्फत नाइकांकडे निरोप पाठविले. मग तो स्वतःच संरक्षक न घेता त्यांच्या पाड्यांवर जाऊ लागला. त्यांच्याबरोबर शिकार करावी, सोबत आणलेली ब्रँडी त्यांना पाजावी, रात्री त्यांच्यातच निर्धास्त झोपावे, हा त्याचा क्रम झाला. ज्यांना सरकारी माणसाच्या भेटीत नेहमीच दग्याचा वास येई, त्या लोकांच्या हाती त्याने स्वतःचे प्राण सोपविले. अखेर पाच धाडसी तरुण पलटणीत यायला तयार झाले. खानदेश भिल्ल पलटणीचा आरंभ या पाच शिपायांपासून झाला.

पुढील वाट सोपी नव्हती. भरतीच्या नावाखाली सर्वांना एकत्र करून मारणार, ही अफवा पुनःपुन्हा उठे आणि कधी कधी भरती झालेले शिपाई रातोरात रानात पसार होत. औट्रम त्यांच्यामागे फौज धाडीत नसे. समजूत घालून त्यांना परत आणीत असे. नव्या शिपायांना घेऊन तो मालेगावच्या छावणीत गेला, तो प्रसंग विशेष उल्लेखनीय ठरला. तेथे असलेल्या त्याच्या जुन्या पलटणीतील उच्चवर्णीय शिपायांनी या भिल्लांना आपल्यात बसवून पानसुपारी दिली. गावाबाहेर राहणाऱ्या आणि चोर म्हणून हिणवल्या जाणाऱ्या माणसांना सन्मानाची अशी वागणूक पूर्वी मिळाली नव्हती. त्यानंतर भरतीने वेग घेतला. धरणगाव हे पलटणीचे मुख्य ठाणे झाले. शिपायांची कुटुंबे तेथे राहू लागली. एके काळी भिल्लांची कत्तल पाहिलेल्या या गावात आता गणवेशातील भिल्ल कवायत करताना दिसू लागले. दोनेक वर्षांत या पलटणीने खानदेशातील अनेक चौक्या नियमित सैन्याकडून आपल्याकडे घेतल्या. १८२८ मध्ये जिल्ह्याच्या कलेक्टरने प्रांताला वीस वर्षांत प्रथमच सलग सहा महिने स्वस्थता लाभल्याचे सरकारला कळविले.

वाघाची शिकार

भिल्लांच्या मनात औट्रमला जे स्थान मिळाले, त्यात शिकारीचा वाटा मोठा होता. त्या काळी तापीकाठची झुडपे व सातपुड्याच्या दऱ्या वाघांनी भरलेल्या होत्या आणि गुरेढोरे गमावणाऱ्या गावकऱ्यांना वाघ मारणारा माणूस तारणहार वाटे. औट्रम हत्तीच्या हौद्यातून शिकार करण्यावर समाधान मानीत नसे. घोड्यावरून, प्रसंगी पायी जाऊन तो जखमी वाघाला सामोरा जाई. १८२५ ते १८३४ या काळात त्याने व त्याच्या शिकारी सोबत्यांनी खानदेशात २३५ वाघ मारल्याची नोंद आहे. त्यांतील १९१ वाघांच्या शिकारीत तो प्रत्यक्ष हजर होता. आजच्या सातपुड्यात वाघाचे दर्शन किती दुर्मीळ झाले आहे, हे लक्षात घेता हा आकडा अस्वस्थ करतो. माग काढणारे, हाका घालणारे आणि धोक्याच्या क्षणी जवळ उभे राहणारे भिल्लच असत. त्या सहवासातूनच पलटणीची शिस्त आकाराला आली.

सावदा-यावलचा तपास

पलटण केवळ समजुतीच्या कामासाठी नव्हती. १८३० मध्ये डांगच्या राजांविरुद्ध काढलेल्या मोहिमेचे नेतृत्व औट्रमकडे होते आणि त्या दुर्गम अरण्यात भिल्लांविरुद्ध भिल्ल शिपाईच लढले. पुढल्याच वर्षी त्याला यावल व सावदा भागात पाठविण्यात आले. आजच्या रावेर तालुक्यातील गावे त्या काळी सावदा भागात मोडत. येथे टोळ्यांनी पडणारे दरोडे वाढले होते. औट्रमने खेडोपाडी फिरून साडेचारशेहून अधिक संशयितांना पकडले. त्यांपैकी दीडशेवर लोकांचे खटले पुढे चालविण्यात आले, बाकीचे सुटले. पकडलेल्यांतील बहुसंख्यांना सोडावे लागले, यावरून त्या काळातील तपासाचे जाळे किती विस्तृत होते आणि निरपराधही त्यात कसे ओढले जात, याची कल्पना येते.

१८३५ मध्ये महीकांठा प्रांताच्या बंदोबस्तासाठी त्याला गुजरातेत पाठविण्यात आले. त्याच वर्षी त्याचा विवाह झाला. खानदेशातील त्याची दहा वर्षे संपली. मागे राहिलेल्या शिपायांत त्याची आठवण मात्र टिकून होती. पुढे काही जुन्या शिपायांना रानात एक मूर्ती सापडली. तिच्यात त्यांना साहेबाचे साम्य वाटले आणि ते तिची औट्रम साहेब म्हणून पूजा करू लागले, असे त्याच्या चरित्रात नमूद आहे.

सिंध : नेमलेला आणि नाराज

१८३८ मध्ये अफगाण युद्ध सुरू झाले आणि औट्रम सर जॉन कीनच्या दिमतीस रुजू झाला. गझनी, दोस्त महंमदाचा पाठलाग, कलातची लढाई आणि तेथून वेषांतर करून समुद्रकिनाऱ्यापर्यंत केलेली धाडसी दौड यांमुळे त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. नंतर सिंधमध्ये राजकीय एजंट असताना त्याने तेथील अमीरांशी तहाच्या मार्गाने संबंध ठेवले. १८४२ मध्ये सर चार्ल्स नेपियर तेथे सर्वाधिकारी म्हणून आला. प्रारंभी नेपियरने औट्रमचा गौरव केला. भय आणि कलंक ठाऊक नसलेला मध्ययुगीन फ्रेंच वीर बायार याची उपमा त्याला त्यानेच दिली आणि हिंदुस्थानचा बायार हे बिरूद औट्रमला कायमचे चिकटले. थोड्याच दिवसांत मात्र दोघांत वितुष्ट आले. अमीरांवर लादलेल्या अटी अन्यायाच्या आहेत, असे औट्रमचे स्पष्ट मत होते.

तरीही १५ फेब्रुवारी १८४३ रोजी हजारो बलुचींनी हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला, तेव्हा मूठभर शिपायांनिशी कित्येक तास झुंजून ती लढविणारा औट्रमच होता. दोन दिवसांनी मियानीची लढाई झाली आणि सिंध खालसा झाले. लुटीतील तीन हजार पौंडांचा आपला वाटा औट्रमने स्वतःसाठी घेतला नाही, तो धर्मादाय कार्याला दिला. पुढे नेपियरच्या धोरणावर टीका करणारा ग्रंथही त्याने लिहिला. धोरण अन्यायाचे वाटले तरी हुकूम पाळायचा आणि मग त्याविरुद्ध लेखणी उचलायची, हा त्याच्या आयुष्याचा क्रम येथून स्पष्ट होत गेला.

पन्हाळा, सातारा, बडोदे

१८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांनी बंड केले. सामानगड, भुदरगड, पन्हाळा असे एकेक किल्ले पेटले. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हन्स याला बंडवाल्यांनी वाटेत पकडून पन्हाळ्यावर कोंडले. हा ओव्हन्स म्हणजे खानदेशातील दक्षिण भिल्ल एजन्सीचा औट्रमचा जुना सहकारी. डिसेंबरात पन्हाळा पडला व ओव्हन्सची सुटका झाली. औट्रमने त्यानंतर सावंतवाडीच्या डोंगरांत मनोहरगडापर्यंत मोहीम नेली. १८४५ मध्ये तो साताऱ्याचा रेसिडेंट झाला आणि १८४७ मध्ये बडोद्याला गेला.

बडोद्यातील त्याची कारकीर्द खटपट या मराठी शब्दामुळे लक्षात राहिली. मुंबई सरकारच्या कचेरीत लाच पोहोचविली की, हवा तो निर्णय पदरात पाडता येतो, असा समज दरबारात रूढ होता आणि या व्यवहाराला खटपट हेच नाव होते. औट्रमने १८५१ मध्ये या लाचलुचपतीवर सविस्तर अहवाल पाठविला. परिणामी मुंबई सरकारने त्यालाच बडोद्यातून हलविले. तीन वर्षांनी लॉर्ड डलहौसीने त्याला पुन्हा त्याच जागी पाठवून त्याची बाजू उचलून धरली.

अयोध्येचा मुकुट

डलहौसीच्या या विश्वासाचा शेवट औट्रमच्या आयुष्यातील सर्वांत वादग्रस्त कामगिरीत झाला. १८५४ च्या अखेरीस तो लखनौचा रेसिडेंट झाला. अयोध्येच्या कारभाराविषयी त्याने दिलेला अहवाल प्रतिकूल होता. फेब्रुवारी १८५६ मध्ये, राज्य कंपनीच्या स्वाधीन करणाऱ्या करारावर सही घेण्यासाठी तो नवाब वाजिद अली शाह यांच्यापुढे उभा राहिला. नवाबांनी मस्तकावरील पगडी काढून औट्रमच्या हाती ठेवली, पण सही केली नाही. सिंधच्या अमीरांची बाजू घेणाऱ्या माणसाने अयोध्या खालसा केली आणि तोच तेथील पहिला चीफ कमिशनर झाला. वर्षभराने तो प्रांत वणव्यासारखा पेटला, त्याची एक ठिणगी या घटनेत होती.

मधल्या काळात इराणच्या मोहिमेचे सेनापतिपद त्याच्याकडे आले. फेब्रुवारी १८५७ मध्ये खुशाब येथे त्याने विजय मिळविला. तो हिंदुस्थानात परतला तेव्हा उत्तरेत उठाव भडकला होता. सप्टेंबरात लखनौकडे निघालेल्या फौजेचे प्रमुखपद हुद्द्याने त्याचे होते. परंतु आधीपासून लढत असलेल्या हॅव्हलॉकच्या हातून श्रेय जाऊ नये, म्हणून औट्रमने आपला अधिकार बाजूला ठेवला आणि स्वयंसेवक म्हणून घोडेस्वारांत सामील झाला. २५ सप्टेंबर १८५७ रोजी फौज लखनौच्या रेसिडेन्सीत पोहोचली, पण तीही वेढ्यात अडकली. नोव्हेंबरात सुटका झाल्यावर हॅव्हलॉकचे निधन झाले. त्यानंतर मार्च १८५८ पर्यंत आलमबाग हे शहराबाहेरील ठाणे औट्रमने अपुऱ्या फौजेनिशी राखले.

लखनौ पडल्यावर लॉर्ड कॅनिंगने अयोध्येतील जवळजवळ सर्व जमिनी जप्त करण्याचा जाहीरनामा काढला, तेव्हा त्याला ठाम विरोध करणारा अधिकारी औट्रमच होता. ज्यांच्याजवळ गमावण्यासारखे काही उरणार नाही, ते तालुकदार शेवटच्या श्वासापर्यंत लढत राहतील, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या आग्रहामुळे जाहीरनाम्यात शरण येणाऱ्यांसाठी सौम्य कलम घालण्यात आले. रानात शिरलेल्या माणसाला परतीची वाट मोकळी ठेवावी लागते, हे तो धरणगावात शिकला होता.

खानदेशातील दुसरी बाजू

त्याने उभारलेल्या पलटणीचे काय झाले, हा प्रश्न खानदेशाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १८५२ मध्ये नव्या जमीन मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, यावल, चोपडा या पट्ट्यातील शेतकरी हजारोंच्या संख्येने एकत्र आले. त्यांचा विरोध मोडण्यासाठी सरकारने भिल्ल पलटण आणली. ज्या गावांच्या रक्षणासाठी पलटण उभारल्याचे सांगितले गेले, त्याच गावच्या शेतकऱ्यांवर ती धाडण्यात आली.

पाच वर्षांनी कसोटीची वेळ आली. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारे आणि पूर्वी सरकारचे वेतन घेणारे खाज्या नाईक १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. भीमा नाईक त्यांना येऊन मिळाले. सातपुड्यातील भिल्लांनी सुमारे सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी, म्हणजे लखनौ पडल्यावर काही आठवड्यांतच, अंबापाणी येथे घनघोर लढाई झाली. अनेक भिल्ल रणांगणावर पडले आणि पकडलेल्या कित्येकांना तेथेच गोळ्या घालण्यात आल्या. स्त्रियांनाही कैद झाली. १८६० मध्ये खाज्या नाईक दग्याने मारले गेले. या साऱ्या काळात भिल्ल पलटण सरकारच्या बाजूने राहिली. औट्रमने एका पिढीत मिळविलेला विश्वास पलटणीपुरता टिकला, डोंगरातल्या भिल्लांपर्यंत तो पोहोचला नव्हता. गणवेशातल्यांना वेतन व मान मिळाला. डोंगरातल्यांचे रान, हक्क आणि स्वातंत्र्य मात्र आक्रसतच गेले. पुढे ही पलटण पोलीस दलात सामावली गेली.

अखेर

प्रकृती खालावल्याने औट्रम १८६० मध्ये इंग्लंडला परतला. सरदारकी व सन्मान त्याला आधीच लाभले होते. ११ मार्च १८६३ रोजी फ्रान्समधील पो या गावी त्याचे निधन झाले आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याचे दफन करण्यात आले. लंडनमध्ये टेम्स नदीच्या काठी त्याचा पुतळा आहे. शिल्पकार फोलीने घडविलेला त्याचा घोड्यावरील पुतळा १८७४ मध्ये कोलकात्यात उभारला गेला. तो आता व्हिक्टोरिया मेमोरियलच्या आवारात आहे. हुगळीकाठच्या एका घाटालाही त्याचे नाव आहे.

शूर, निर्लोभी आणि सहकाऱ्याच्या श्रेयासाठी स्वतःचा अधिकार सोडणारा सेनानी म्हणून इतिहासाने त्याची नोंद घेतली आणि ती रास्त आहे. ज्यांना साऱ्यांनी गुन्हेगार ठरविले होते, त्या भिल्लांमधील शौर्य व इमान त्याने ओळखले, हेही खरे. त्याचबरोबर त्याची प्रत्येक कामगिरी, मग ती डांगची असो, सिंधची की अयोध्येची, एका परकीय सत्तेचा विस्तार करणारी होती. त्या सत्तेचे अन्याय त्याला दिसत, तो ते कागदावर मांडीत असे आणि तरीही पुढचा हुकूम पाळीत असे. सातपुड्याच्या इतिहासात आज खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांची नावे अभिमानाने घेतली जातात. धरणगावच्या त्या पहिल्या पाच शिपायांची आठवण मात्र कोणत्याही स्मारकावर नाही. औट्रमचे चरित्र खानदेशाने वाचायचे, तर या दोन्ही बाजूंच्या भिल्लांसह वाचायला हवे.